ग्रंथालयातली निंदणी

सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तकं बाहेर जातात ती बहुतेक वेळा कोणी तक्रार केली म्हणून नाही, तर नेहमीच्या साफसफाईत. अमेरिकेत या कामाला 'वीडिंग' म्हणतात. शब्द शेतातला आहे, म्हणून मराठीत निंदणीच म्हणू. कपाटांची लांबी ठरलेली असते आणि नवी पुस्तकं येतच राहतात. जुनी निघाली नाहीत तर काही वर्षांत फळीवर बोट शिरायलाही जागा उरत नाही. वाचक मग कण्याच्या वरच्या टोकाला धरून पुस्तक ओढतो आणि नेमकं तिथंच ते फाटतं. ज्यांनी ग्रंथालय कधी चालवलेलं नाही त्यांना पुस्तक काढून टाकणं हेच पाप वाटतं. ज्यांनी चालवलंय त्यांना न निंदलेलं कपाट बघवत नाही.

काम असं चालतं. आधी सॉफ्टवेअरमधून एक यादी काढायची: अमुक इतकी वर्षं कोणी घरी न नेलेली पुस्तकं. तिकडे तिला 'डस्टी बुक्स'ची यादी म्हणतात, धूळ खात पडलेल्यांची. यादी आणि ढकलगाडी घेऊन कपाटापाशी जायचं आणि एकेक पुस्तक हातात घ्यायचं. यासाठी टेक्सस राज्याच्या ग्रंथालय खात्याची 'क्रू' नावाची पुस्तिका आहे. तिची पहिली आवृत्ती १९७६ची, आणि टेक्ससबाहेरची छोटी ग्रंथालयंही ती सर्रास वापरतात. तिच्यात प्रत्येक विषयाला एक सूत्र दिलेलं आहे. पहिला आकडा प्रकाशनाला किती वर्षं झाली याचा, दुसरा पुस्तक शेवटचं घरी गेल्याला किती वर्षं झाली याचा. संगणकाच्या पुस्तकांना ३/एक्स, म्हणजे तीन वर्षांपेक्षा जुनं असेल तर किती जण नेतात ते बघत बसू नका. कादंबऱ्यांना एक्स/२, म्हणजे कितीही जुनी असू दे, दोन वर्षांत कोणी नेली नसेल तर विचार करा. सूत्राच्या शेपटाला 'मस्टी' हा शब्द येतो. तो सहा कसोट्यांच्या आद्याक्षरांचा आहे: माहिती दिशाभूल करणारी झाली आहे का, प्रत कळाहीन झाली आहे का, नवी आवृत्ती आली आहे का, पुस्तक किरकोळ आहे का, इथल्या वाचकांच्या कामाचं उरलं आहे का, आणि दुसऱ्या ग्रंथालयातून सहज मागवता येतं का.

यांत्रिक वाटतं, पण तसं ते नाही. यादीत नाव आलं म्हणून पुस्तक गेलं असं होत नाही, निदान होऊ नये. गावाच्या इतिहासाचं पुस्तक पाच वर्षं कोणी नेलेलं नसतं, कारण लोक ते तिथंच बसून वाचतात आणि तिथं बसून वाचल्याची नोंद बहुतेक ठिकाणी होत नाही. मालिकेतला दुसरा भाग फाटला म्हणून काढला, तर पहिला आणि तिसरा आपोआप निकामी होतात. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पुस्तक कपाटातून निघतं आणि कॅटलॉगमधली नोंद मागं राहते. वाचक घरबसल्या ते राखून ठेवतो, कर्मचारी शोधत बसतो, आणि 'हरवलं' म्हणून जे लिहिलं जातं ते खरं तर विक्रीच्या टेबलावरून कधीच गेलेलं असतं. म्हणून शहाणं ग्रंथालय आधी नोंद काढतं, मग बारकोडवर काट मारतं, मग आत शिक्का मारतं, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी इमारतीबाहेर जातं.

हे सगळं एवढ्या बारकाईनं सांगायचं कारण असं, की गेल्या चार-पाच वर्षांत अमेरिकेत पुस्तकांवरून जे रण माजलं आहे त्यातला एक फार मोठा खटला याच ढकलगाडीवर येऊन थांबला. काढलेल्या पुस्तकांबद्दल ग्रंथालय म्हणत होतं, ही निंदणी आहे. वाचक म्हणत होते, ही बंदी आहे. हाताची हालचाल दोन्हींत तीच, गाडी तीच, शिक्काही तोच. फरक कुठं आहे ते बघायचं तर क्रम बघावा लागतो. निंदणीत आधी कसोटी असते आणि मग पुस्तक सापडतं. दुसऱ्या प्रकारात पुस्तक आधी ठरतं आणि कसोटी नंतर शोधली जाते.

हा खटला टेक्ससमधल्या लॅनो काउंटीचा; काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. वस्ती एकवीस हजारांच्या आसपास, ग्रंथालयाच्या तीन शाखा. २०२१च्या उन्हाळ्यात पहिली तक्रार आली ती राजकारणाची नव्हतीच. लहान मुलांना खिदळवणारी पादण्याची आणि ढुंगणाची चित्रपुस्तकं होती, त्यांवर होती. पुढं खटल्याच्या कागदांत त्यांचं अधिकृतपणे 'बट अँड फार्ट बुक्स' असं नामकरण झालं आणि संघीय न्यायमूर्तींना हे शब्द गंभीर चेहऱ्यानं लिहावे लागले. मग ऑक्टोबरमध्ये मॅट क्राउझ नावाच्या राज्य विधिमंडळ सदस्यानं सुमारे ८५० पुस्तकांची यादी शाळांकडे पाठवली: यातली तुमच्याकडे कोणती आहेत ते कळवा. यादी शाळांसाठी होती. लॅनोतल्या काही रहिवाशांनी ती सार्वजनिक ग्रंथालयाला लावून पाहिली, जुळलेली नावं काउंटीच्या अधिकाऱ्यांना कळवली, आणि पुस्तकं निघाली.

एकूण सतरा. त्यात मॉरिस सेंडाकचं १९७०चं 'इन द नाइट किचन' होतं. चित्रातला छोटा मुलगा उघडा आहे म्हणून सत्तरच्या दशकात काही ग्रंथपाल स्वतःच रंगानं त्याला लंगोट काढून देत, एवढी या पुस्तकाची कटकट जुनी. कू क्लक्स क्लान या गोऱ्या दहशतवादी टोळीचा कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेला इतिहास होता. आणि इझाबेल विल्कर्सन यांचं 'कास्ट' होतं. ते मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही; अमेरिकेतला वर्णभेद ही जातिव्यवस्थाच आहे असं मांडताना त्यात भारतातली जात येते आणि बाबासाहेब आंबेडकरही येतात. हे पुस्तक निघालं २०२० साली, कपाटातून काढलं गेलं २०२१ साली. आता वरचं सूत्र लावून बघा. एका वर्षात ते जुनं कसं झालं? नवी आवृत्ती कुठली आली? कसोटी नंतर शोधायला गेलं की ती अशी हाताला लागत नाही. टेक्ससनंच लिहिलेली पुस्तिका टेक्ससच्याच काउंटीला आडवी आली.

पुढचा भाग मला पुस्तकं काढण्याहून जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात ताबा कसा घेतात ते दिसतं. टेक्ससमध्ये काउंटीचा कारभार 'कमिशनर्स कोर्ट' पाहतं. नावात कोर्ट असलं तरी ते न्यायालय नव्हे, छोटी जिल्हा परिषदच म्हणा. डिसेंबर २०२१मध्ये कॅटलॉग तपासण्यासाठी ग्रंथालय तीन दिवस बंद ठेवलं गेलं. त्याच महिन्यात ई-पुस्तकांची सेवा थांबवली. खुपत होती दोन नावं, पण अनेक ग्रंथालयांच्या सामाईक ई-संग्रहातून एकट्या काउंटीला दोन नावं उचलून काढता येत नाहीत. मग आख्खी सेवाच गेली; सुक्याबरोबर ओलंही जळालं. दृष्टी अधू झालेले, घराबाहेर पडू न शकणारे वाचक मुख्यतः याच सेवेवर असतात, पण सभेच्या विषयपत्रिकेवर ते येत नाहीत. जानेवारी २०२२मध्ये जुनं सल्लागार मंडळ विसर्जित झालं आणि नवं नेमलं गेलं. तक्रार करणारे काही जण त्यात होते. नव्या मंडळानं आपल्या सभा लोकांना बंद केल्या. यातल्या एकाही पायरीला 'बंदी' हा शब्द लागत नाही. प्रत्येक पायरी कारभाराच्या साध्या ठरावानं होते.

सात रहिवासी एप्रिल २०२२मध्ये न्यायालयात गेले. त्यानंतर जे घडलं ते बारीक वाचण्यासारखं आहे. त्या सतरा पुस्तकांची एकेक प्रत ग्रंथालयाला निनावी देणगी म्हणून आली. देणारे काउंटीचेच वकील होते हे पुढं उघड झालं. प्रती देवघेवीच्या टेबलामागं ठेवल्या गेल्या. कपाटात नाहीत, कॅटलॉगमध्येही नाहीत, पण कोणी नाव घेऊन मागितलं तर मिळतील. न्यायालयात सांगायला सोय झाली: पुस्तकं काढली कुठं, आहेत की! ग्रंथालयाच्या भाषेत याचा अर्थ नेमका उलटा होतो. ज्या पुस्तकाची नोंद नाही ते असून नसल्यासारखं. शोधपेटीत नाव टाकलं तर 'सापडलं नाही' असंच येणार. कपाट चाळताना ते हाताला लागणार नाही. ते आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ते मिळणार, आणि त्यालाही टेबलापाशी उभं राहून, मागे रांग असताना, मोठ्यानं नाव सांगावं लागणार. चौदा-पंधरा वर्षांचं पोर हे करेल का?

न्यायाधीश रॉबर्ट पिटमन यांनी ३० मार्च २०२३ला चोवीस तासांत पुस्तकं परत ठेवायला सांगितलं. पंधरवड्याच्या आत काउंटीच्या सभेपुढं विषय आला: तिन्ही ग्रंथालयं बंदच करायची का? सभेला गर्दी झाली आणि ग्रंथालयं चालू ठेवायचं ठरलं. जून २०२४मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या तीन सदस्यांच्या पीठानं सतरापैकी आठ पुस्तकांपुरता आदेश कायम ठेवला. मे २०२५मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठानं दहा विरुद्ध सात मतांनी सगळंच उलटवलं: सरकारी ग्रंथालयानं पुस्तक काढलं म्हणून वाचकाला संविधानाच्या आधारे दाद मागता येणार नाही. कोणीही पुस्तकांवर बंदी घालत नाही, असं निकालपत्रात लिहिलं गेलं. हवं तर विकत घ्या, मित्राकडून आणा. ८ डिसेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. त्यामुळं टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांपुरता हा कायदा झाला. बाकीच्या राज्यांना तो बांधत नाही.

'विकत घ्या' या उत्तरात काही चुकत नाही, फक्त सार्वजनिक ग्रंथालय मुळात कशासाठी काढलं जातं तेवढं सोडून.

कायद्याची मागची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९८२ सालचा आयलंड ट्रीजचा निकाल हा या विषयातला सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य निकाल. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळामंडळानं बाहेरून मिळालेल्या यादीवरून पुस्तकं काढली होती. यादी बाहेरून येण्याची पद्धत अशी पन्नास वर्षांची आहे. पुस्तकातले विचार आवडत नाहीत एवढ्यासाठी ते काढता येणार नाही, असं न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं, पण त्यांच्याशी पूर्ण सहमत असं बहुमत नव्हतं. त्यामुळं तो आधार पहिल्यापासून डळमळीत राहिला. अश्लीलतेचा कायदा १९७३च्या मिलर निकालावर उभा आहे. त्यात 'संपूर्ण कृती' पाहायची अट आहे, म्हणून एका पानाच्या छायाचित्रावर खटला उभा राहत नाही. सभेत पान वाचून दाखवणं मात्र जोरात चालतं.

आता तक्रारीच्या कागदाकडे येऊ. मला तो फार आवडतो; त्याच्याइतकी कमी लेखली गेलेली वस्तू ग्रंथालयात दुसरी नाही. इंग्रजीतलं त्याचं नाव 'फेरविचाराची विनंती'. एक-दोन पानांचा फॉर्म. नाव, पत्ता, ग्रंथालयाच्या हद्दीत राहता का, पुस्तकाचं नाव, लेखक. मग खरे प्रश्न: पूर्ण वाचलंत का? नसेल तर कोणता भाग? नेमकी कोणती पानं? काय व्हावं असं वाटतं: काढावं, दुसऱ्या विभागात न्यावं, की नुसतं मत नोंदवायचंय? याच विषयावर दुसरं कोणतं पुस्तक सुचवाल?

फॉर्म हातात येण्याआधी एक पायरी असते, बोलण्याची. मुलाच्या हातात भलतं पुस्तक पाहून घाबरलेली आई टेबलापाशी येते. तिचं ऐकून घ्यायचं. वाद घालायचा नाही आणि माफीही मागायची नाही. पुस्तक कोणत्या निकषावर घेतलं ते सांगायचं आणि तिच्या मुलासाठी दुसरं काय आहे ते दाखवायचं. तिला हरकत घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. ग्रंथालयाचा दिवा तिच्याच करातून जळतो. हरकत घेणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळं होणारे ग्रंथालयवाले मी चुकीचे मानतो, आणि त्या तुसडेपणानं किती साध्या तक्रारी चिघळल्या असतील कोण जाणे.

बोलून भागलं नाही तर फॉर्म. तो आल्याचं लेखी कळवायचं. तीनेक जणांची समिती पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, 'बुकलिस्ट', 'कर्कस' यांसारख्या नियतकालिकांतली परीक्षणं पाहते, ग्रंथालयाच्या निवड-धोरणाशी पुस्तक ताडून बघते, आणि तीस ते साठ दिवसांत लेखी निर्णय देते. तो मान्य नसेल तर विश्वस्त मंडळाकडे अपील. तोवर पुस्तक जागेवरच. हे शेवटचं वाक्य धोरणात स्पष्ट लिहिलेलं नसलं की बाकीचं सगळं व्यर्थ. फोन आला, साहेब रागावले, 'सध्या जरा बाजूला ठेवा' झालं, आणि ते 'सध्या' वर्षानुवर्षं चालतं.

धोरणांत भोकं राहतात ती ठरलेल्या जागी. एका फॉर्मवर एकच पुस्तक असं लिहिलेलं नसतं, मग एका दुपारी शंभर नावांची यादी येते. एकदा निर्णय झालेल्या पुस्तकावर पुन्हा किती वर्षं तक्रार घेणार नाही, ते लिहिलेलं नसतं, मग तेच पुस्तक दर तीन महिन्यांनी परत येतं. हद्दीबाहेरच्यांची तक्रार घ्यायची की नाही याबद्दल मौन असतं. समितीत तीन जण म्हटलेलं असतं आणि ग्रंथालयात कर्मचारीच दोन असतात. आणि धोरण लिहायला घेतलं जातं ते तक्रार आल्यावर, म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायला.

हा फॉर्म एका माणसाच्या एका पुस्तकासाठी बनलेला होता, आणि तो कोलमडला तो संख्येनं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन ही ग्रंथालयांची राष्ट्रीय संघटना १९६७पासून वाचनस्वातंत्र्यासाठी वेगळं कार्यालय चालवते. तिच्या नोंदींनुसार २००१ ते २०२० या काळात वर्षाला सरासरी २७३ वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप येत. २०२३मध्ये ती संख्या ४,२४० झाली, आणि पुस्तकं काढण्याच्या मागण्या होत्या फक्त १,२४७. म्हणजे एका मागणीत सरासरी तीनाहून जास्त पुस्तकं. २०२४मध्ये ८२१ मागण्या आणि २,४५२ पुस्तकं अशी घट झाली. पण त्या वर्षीच्या ७२ टक्के मागण्या दबावगट, लोकप्रतिनिधी, मंडळाचे सदस्य आणि अधिकारी यांच्याकडून होत्या, पालकांच्या १६ टक्के. टेबलापाशी आलेली ती आई या हिशेबात अल्पसंख्य आहे. शंभर पुस्तकांच्या यादीचा हिशेब करून बघा: तीन सदस्य, प्रत्येकी एका पुस्तकाला आठ तास, म्हणजे पुस्तकामागं चोवीस आणि यादीमागं २,४०० तास. एका पूर्णवेळ कर्मचाऱ्याचं हे वर्षाहून जास्त काम झालं. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं. यादी पाठवणाऱ्यानं एकही पुस्तक उघडलेलं नसलं तरी तिला उत्तर देणाऱ्याला सगळी वाचावी लागतात. ती न वाचता उत्तर देण्याचा मोह इथंच होतो, आणि मग काढलेलं पुस्तक समर्थनाला उभं राहत नाही.

काढणं अवघड झालं की हलवणं सुरू होतं. टेक्ससमध्येच विचिटा फॉल्स शहरानं १९९९मध्ये ठराव केला होता: तीनशे प्रौढ सभासदांनी सह्या केल्या की मुलांचं पुस्तक मोठ्यांच्या विभागात जाईल. रोख होता समलिंगी पालकांवरच्या दोन चित्रपुस्तकांवर. २०००मध्ये न्यायालयानं तो ठराव रद्द केला. अर्कान्सातल्या क्रॉफर्ड काउंटीत अलीकडे मुलांच्या विभागातली अशी पुस्तकं उचलून, ठळक रंगाची चिठ्ठी लावून 'सोशल सेक्शन' नावाच्या वेगळ्या कपाटात नेली गेली. सप्टेंबर २०२४मध्ये न्यायालयानं तेही चालू दिलं नाही.

हलवण्यानं काय बिघडतं, पुस्तक तर आहेच ना, असं वाटू शकतं. इथं पुन्हा ढकलगाडी आठवावी लागते. चार वर्षांच्या मुलाचं पुस्तक मोठ्यांच्या कपाटात, प्रौढाच्या डोळ्यांच्या उंचीवर गेलं की ते कोणी नेत नाही. दोन वर्षांनी धुळीच्या यादीत त्याचं नाव येतं. आता निंदणी अगदी नियमानं होते: सूत्र लागू पडतं, कसोटी आधी आणि पुस्तक नंतर, सही करणाऱ्याचा हेतूही स्वच्छ. सुंठीवाचून खोकला गेला. म्हणून जाणता ग्रंथपाल धुळीच्या यादीतल्या पुस्तकाची देवघेव नुसती मोजत नाही, ते या जागेवर कधीपासून आहे तेही बघतो. उलट बाजूनंही असंच होतं. खुपणारी पुस्तकं स्वतःच्या कार्डावर घरी न्यायची आणि परतच करायची नाहीत, हा प्रकार होतो. त्यात देवघेव वाढलेली दिसते आणि कपाट रिकामं.

याहून शांत प्रकार न घेतलेल्या पुस्तकाचा. खरेदीची यादी पडद्यावर असते, परीक्षण चांगलं असतं, पैसे असतात, आणि बोट एका नावावरून पुढं सरकतं, कशाला डोक्याला ताप म्हणून. त्यावर कोणी फॉर्म भरत नाही, कोणत्याच आकड्यात ते येत नाही.

आणि सगळ्याच्या तळाशी पैसा. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयाचा बहुतेक खर्च स्थानिक करातून निघतो. बऱ्याच राज्यांत त्यासाठी मालमत्ताकराचा एक वेगळा तुकडा असतो आणि तो ठराविक वर्षांनी मतदारांकडून मंजूर करून घ्यावा लागतो. मोजमाप 'मिल'चं: करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरला एक डॉलर. दीड लाख करपात्र किमतीच्या घराला एक मिल म्हणजे वर्षाला दीडशे डॉलर. मिशिगनमधल्या जेम्सटाउन टाउनशिपमध्ये 'पॅटमॉस' नावाचं ग्रंथालय आहे. तिथं २०२२च्या वसंतात एका चित्रमय आत्मचरित्रावरून, माया कोबाबे यांच्या 'जेंडर क्वीअर'वरून ठिणगी पडली. संग्रह सुमारे ६७,००० वस्तूंचा, आणि त्यात वादातल्या प्रकारची, म्हणजे समलिंगी संबंध आणि लिंगओळख यांवरची पुस्तकं नव्वदच्या आसपास. ते एक पुस्तक टेबलामागं गेलंही, पण राग शमला नाही. ऑगस्टमध्ये मतदारांनी कर नाकारला, नोव्हेंबरमध्ये पुन्हा नाकारला. ग्रंथालयाचं ८४ टक्के उत्पन्न त्यातून येत होतं. देशभरातून देणग्या आल्या, कादंबरीकार नोरा रॉबर्ट्स यांनी पन्नास हजार डॉलर दिले, आणि त्यावर दिवस निघाले. नोव्हेंबर २०२३मध्ये तिसऱ्या मतदानात कर मंजूर झाला.

पैसा आटला की कात्री कुठं लागते त्याचा क्रम ठरलेला आहे. विमा, वीज, छप्पर यांना हात लावता येत नाही. आधी नवी पुस्तकं थांबतात, मग संध्याकाळ आणि शनिवारची वेळ जाते, मग माणसं. नव्वद पुस्तकांवरच्या रागाची किंमत संध्याकाळी गृहपाठाला येणारी मुलं आणि फॉर्म छापून घ्यायला येणारे बेकार मोजतात. आणि ती नव्वद पुस्तकं कपाटात तशीच असतात, कारण पुस्तकाला पगार लागत नाही.

माणसांचंही तसंच. वायोमिंगमधल्या कॅम्पबेल काउंटीत २०२१मध्ये काही नागरिक ग्रंथालयातली पुस्तकं हा फौजदारी गुन्हा आहे म्हणून शेरीफकडे गेले; सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. मग मंडळातली माणसं बदलली, धोरण बदललं, आणि पुस्तकं हलवायला नकार देणाऱ्या संचालिकेला जुलै २०२३मध्ये मंडळानं काढलं. ऑक्टोबर २०२५मध्ये काउंटीनं तिला सात लाख डॉलर देऊन दावा मिटवला. त्या पैशांत छोट्या ग्रंथालयाची किती वर्षांची पुस्तकखरेदी झाली असती, हा हिशेब मात्र विषयपत्रिकेवर येत नाही.

म्हणून कोणत्या पुस्तकावर वाद चाललाय त्यापेक्षा मंडळाच्या जागा कोण भरतं ते आधी बघावं. कुठं काउंटीचे प्रतिनिधी विश्वस्त नेमतात, कुठं विश्वस्तांची थेट निवडणूक होते, कुठं ग्रंथालय ही नोंदणीकृत संस्था असते आणि काउंटी फक्त अनुदान देते. मुदती एकाआड एक संपणाऱ्या असतील तर मंडळ पालटायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात लोकांचा रागही ओसरतो. मंडळ नुसतं सल्लागार असेल, तर लॅनोसारखं एका ठरावात जातं. पोटनियमांतल्या या दोन ओळी कोणी वाचत नाही, आणि वर्तमानपत्रात छापून येतं ते मुखपृष्ठ.

एक शेवटची कारकुनी गोष्ट राहिली. काढलेलं पुस्तक आदेशानं परत येतं तेव्हा कॅटलॉगमध्ये नोंद नव्यानं करावी लागते, बारकोड पुन्हा जोडावा लागतो, कण्यावर वर्गांकाची चिठ्ठी लावावी लागते. सतरा पुस्तकांना अर्धा दिवस पुरतो. पण जुनी नोंद जशीच्या तशी उठवली तर शेवटच्या देवघेवीची तारीख जुनीच राहते, आणि पुस्तक जितके महिने टेबलामागं होतं तितके महिने ते 'कोणी नेलेलं नाही' असं दिसतं. पुढच्या धुळीच्या यादीत ते सगळ्यात वर येतं. त्यासाठी नोंदीत एक रकाना असतो, फक्त कर्मचाऱ्यांना दिसणारा. त्यात लिहून ठेवायचं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कपाटात नव्हतं, देवघेव त्याप्रमाणे मोजावी. खाली आपली आद्याक्षरं आणि तारीख.